जुन्या इंजिनाला टर्बो बसवण्याआधी: कॉम्प्रेशन रेशो मोजण्यापासून करूळ घाट चढेपर्यंत

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक जुना पिस्टन ठेवलेला असतो. त्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली पट्टी, म्हणजे रिंग लँड, एका बाजूने बोटभर लांबीची तुटलेली आहे आणि वरच्या पृष्ठभागाच्या कडेला कोणी बारीक पोगराने टोचे मारावेत तसे खड्डे पडलेले आहेत. हा पिस्टन माझ्याच गाडीचा आहे. इंजिन १२९८ सीसीचे, चार सिलिंडरांचे, पेट्रोलवर चालणारे होते. त्यावर लहान टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप, होता आणि बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा त्याने दिलेला जादा दाब, केवळ ०.४५ बार होते. कोल्हापुरात, कागलच्या रस्त्यावर आणि पन्हाळ्याच्या चढावर ते चार महिने सुरळीत चालले. मालवणहून परतताना करूळ घाटात, तिसऱ्या गिअरमध्ये आणि भर उन्हात, त्याने नॉक करायला, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटून टकटकायला, सुरुवात केली असणार. टर्बोच्या शिट्टीत आणि उघड्या खिडकीच्या वाऱ्यात तो आवाज मला ऐकू आला नाही आणि गगनबावड्याला पोहोचेपर्यंत एक सिलिंडर निकामी झाला होता.

ज्याने काम केले त्याने कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची सिलिंडरमधली जागा भागिले तो वर असताना उरणारी जागा) कमी केलाच नव्हता, असे नाही. "दोन पॅकिंगं घातली की बास झालं बघा," असे त्याने हेड आणि ब्लॉक यांमधल्या गॅस्केटविषयी सांगितले होते आणि मीही मान डोलावली होती. नंतर सगळे उघडून मोजले तेव्हा रेशो ८.२ भरला, म्हणजे कागदावर अगदी योग्य होता. चूक आकड्यात नव्हती, तो आकडा ज्या मार्गाने मिळवला त्या मार्गात होती. रोजच्या वापरातल्या जुन्या इंजिनाला टर्बो बसवायचा की नाही, बसवायचा तर रेशो आणि बूस्ट यांची सांगड कशी घालायची, आणि त्यासाठी कोणती कामे कोणत्या क्रमाने करायची, हे त्या अनुभवानंतर शिकलेल्या गोष्टींच्या आधारे पुढे मांडले आहे.

पहिले काम: इंजिन टर्बोच्या लायकीचे आहे का

टर्बो बसवल्याने थकलेले इंजिन तरुण होत नाही. त्याचे जे दुखणे आहे ते लवकर बाहेर पडते. म्हणून प्रथम इंजिन गरम असताना चारही प्लग काढून, इग्निशन आणि इंधन बंद ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून कॉम्प्रेशन टेस्ट करावी. पाच-सहा फेऱ्यांत काटा जिथे स्थिर होईल तो आकडा लिहून घ्यावा. सिलिंडरांमधील फरक दहा टक्क्यांच्या आत असावा. येथे कोल्हापूरकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहोत आणि येथील हवेचा दाब सुमारे ०.९५ बार असतो. त्यामुळे मॅन्युअलमधील आकड्यापेक्षा पाच-सहा टक्के कमी आकडा येणे हा दोष नव्हे.

कॉम्प्रेशन टेस्टने दोष आहे एवढे कळते; तो कोठे आहे हे लीक-डाउन टेस्टने कळते. पिस्टन टॉप डेड सेंटरला, म्हणजे सर्वांत वरच्या जागी, ठेवून प्लगच्या भोकातून सुमारे सात किलो दाबाची हवा सोडावी आणि ऐकावे. सायलेन्सरमधून सुसकारा आला तर एक्झॉस्ट वॉल्व, एअर फिल्टरमधून आला तर इनटेक वॉल्व, तेल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. गळती पंधरा टक्क्यांहून अधिक असेल तर टर्बोचा विचार बाजूला ठेवून आधी इंजिन बांधून घ्यावे. गरम इंजिनाचा तेलाचा दाबही गेज लावून पाहावा, कारण टर्बोची बेअरिंग याच तेलावर जगणार आहेत.

दुसरे काम: रेशो वाचू नये, मोजावा

जुन्या गाडीच्या बाबतीत मॅन्युअलमधील कॉम्प्रेशन रेशो हा इतिहास असतो. वीस-पंचवीस वर्षांत हेड दोनदा फेसिंग झालेले, म्हणजे खालून घासून सपाट केलेले असते, ब्लॉक ओव्हरसाइज बोअर झालेला, म्हणजे त्यातील सिलिंडर रुंद केलेले असतात आणि गॅस्केट कोणत्या जाडीचे पडले आहे हे कोणालाच आठवत नसते. म्हणून हेड उतरवलेले असतानाच मोजमाप करावे. यासाठी शिवाजी उद्यमनगरात मोठी यंत्रसामग्री शोधावी लागत नाही. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारे ५० मिलीलीटरचे ब्युरेट (मापाच्या खुणा असलेली काचेची नळी), आठ-दहा मिलिमीटर जाडीची ॲक्रिलिकची पट्टी, थोडे ग्रीस आणि रंग घातलेले डिझेल एवढ्यावर काम होते. पाणी वापरू नये. ते कडेला चिकटते आणि बुडबुडा धरून ठेवते.

हेड उलटे करून, वॉल्व आणि प्लग जागेवर बसवून, ज्वलनाच्या चेंबरच्या कडेला ग्रीसची बारीक रेघ द्यावी आणि दोन लहान भोके पाडलेली पट्टी वर दाबून बसवावी. हेड किंचित तिरपे ठेवावे, म्हणजे एका भोकातून डिझेल आत जाताना दुसऱ्या भोकाशी हवा जमून बाहेर पडते. शेवटचा बुडबुडा भोकापाशी येऊन अडतो तेव्हा हेडला बोटाने टिचकी मारावी. तो निघून जातो आणि पट्टीखालचा डिझेलचा पृष्ठभाग एकदम काचेसारखा दिसू लागतो. तोच क्षण ब्युरेटवरचा आकडा घेण्याचा. प्रत्येक चेंबर तीनदा मोजावे आणि चारही चेंबरमधील फरक अर्ध्या सीसीच्या आत आणावा.

पिस्टनसाठी हीच रीत थोडी बदलून वापरावी. पिस्टन ब्लॉकच्या वरच्या पातळीपासून बरोबर १० मिलिमीटर खाली आणावा, कडेची फट ग्रीसने बुजवावी आणि पट्टी ठेवून डिझेल भरावे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिलिमीटर असेल तर सपाट पिस्टनवर ४३ सीसी बसायला हवे, ४७.५ सीसी बसले तर पिस्टनच्या खोलगट भागाचे ४.५ सीसी झाले.

एस्टीम आणि जिप्सी या मारुतीच्या गाड्यांतून आपल्या परिचयाच्या झालेल्या १२९८ सीसीच्या इंजिनाचे उदाहरण घेऊ. बोअर ७४ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५ मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरचे विस्थापन ३२४.७ सीसी. समजा चेंबर ३०.४ सीसी, दाबले गेलेले १.२ मिलिमीटरचे गॅस्केट ५.३ सीसी, पिस्टन वरच्या पातळीपेक्षा ०.३ मिलिमीटर खाली राहतो त्याचे १.३ सीसी आणि पिस्टनचा खोलगट भाग ४.५ सीसी. बेरीज ४१.५ सीसी. विस्थापनात ही बेरीज मिळवून येणाऱ्या संख्येला याच बेरजेने भागले की रेशो मिळतो: ३६६.२ भागिले ४१.५, म्हणजे ८.८. आता हेच इंजिन अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज बोअर झाले आणि हेडच्या फेसिंगमध्ये चेंबरमधील फक्त ०.९ सीसी गेले, तर रेशो ९.१ होतो. कोणी काही ठरवले नाही, कोणाला काही कळले नाही, आणि टर्बो मात्र ८.८ गृहीत धरून बसवला जातो.

टर्बो हवाच का, हा प्रश्न येथे विचारावा

मोजमाप हातात आल्यावर क्षणभर थांबावे. टर्बो न लावता रेशो वाढवण्याचा मार्गही खुला असतो, मात्र त्याच्याविषयी गैरसमज बरेच आहेत. ८.८ वरून ९.८ पर्यंत रेशो नेला तर आदर्श चक्राच्या गणितानुसार कार्यक्षमता सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. प्रत्यक्षात त्याहून थोडी कमीच. म्हणजे ६५ अश्वशक्तीच्या इंजिनाला दीड-दोन अश्वशक्तीचा लाभ. तरीही मी याला कमी लेखणार नाही, कारण हा लाभ प्रत्येक वेगाला, प्रत्येक भाराला आणि इंधनाच्या खर्चातही मिळतो, शिवाय तेलाची एकही नवी नळी टाकावी लागत नाही. ज्यांची गाडी मुख्यतः रंकाळा, शाहूपुरी, स्टेशन रोड आणि महिन्यातून एखादी पुण्याची फेरी एवढीच चालते, त्यांनी इंजिन नीट बांधून, रेशो ९.२ ते ९.५ च्या दरम्यान आणून, इग्निशन आणि कार्ब्युरेशन सुधारून थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याची बाजूही येथेच पाहावी, टर्बो बसवून झाल्यावर नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. त्यामुळे आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करूनच पुढे जावे; अपघातानंतर सर्व्हेअरने बॉनेट उघडल्यावर सुरू होणारी चर्चा फार महागात पडते.

रेशो आणि बूस्ट यांची सांगड

सिलिंडरमध्ये ज्वाला पसरत असताना शेवटी उरलेले मिश्रण उष्णता आणि दाब यांमुळे ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप पेटते, त्याला आपण नॉकिंग म्हणतो. रेशो वाढवला तरी हे मिश्रण तापते, बूस्ट वाढवले तरी तापते. म्हणून रेशो आणि बूस्ट हे एकाच तिजोरीतून होणारे दोन खर्च आहेत, आणि ती तिजोरी म्हणजे इंधनाचे ऑक्टेन, म्हणजेच नॉकिंग सोसण्याची त्याची क्षमता.

१९६२ साली अमेरिकेत आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीत तब्बल १०.२५ रेशोच्या इंजिनावर टर्बो बसवला होता. नॉकिंग आवरण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडले जाई. मालक ती टाकी भरायला विसरत आणि टर्बोचा उपयोगच होत नसे. त्याउलट १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या साब ९९ टर्बोचा रेशो ७.२ इतका खाली आणलेला होता. ते इंजिन टिकले, परंतु टर्बो जागा होईपर्यंत ते सुस्त वाटे. आपल्याला या दोन टोकांच्या मध्ये राहायचे आहे.

नॉक सेन्सर नसलेल्या, दोन वॉल्व प्रति सिलिंडर असलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनासाठी मी पुढील मर्यादा पाळतो. रेशो ८.८ ते ९.० असेल तर बूस्ट ०.३५ बारपर्यंत, तेही इंटरकूलरसह, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरसह. रेशो ८.३ ते ८.५ असेल तर ०.४५ ते ०.५ बार. ९.५ च्या वर असेल आणि पिस्टन बदलायचे नसतील तर टर्बोचा विचार सोडून द्यावा. ८.० च्या खाली मी मुद्दाम जात नाही, कारण शहरातील वाहतुकीत नव्वद टक्के वेळ बूस्ट शून्यच असते आणि त्या वेळी गाडी कमी रेशोवरच ओढावी लागते.

इंधनाचा हिशेब आता बदलला आहे. पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, आणि आपल्या जिल्ह्यातला बराचसा ऊसही शेवटी त्याच वाटेने जातो. इथेनॉलमुळे ऑक्टेन पूर्वीच्या ९१ वरून ९५ च्या आसपास जाते आणि बाष्पीभवनाने मिश्रण थंडही होते. नॉकिंगच्या दृष्टीने हे आपल्या बाजूचे आहे. मात्र शुद्ध पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५ पट. म्हणजे जुन्या पेट्रोलसाठी बसवलेले कार्ब्युरेटरचे जेट (इंधनाची भोके) तसेच ठेवले तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होते, आणि पातळ मिश्रणावर बूस्ट देणे म्हणजे पिस्टनला गॅस कटर लावण्यासारखे आहे. जुन्या रबरी नळ्या, डायफ्राम आणि ओ-रिंग इथेनॉल सहन करणाऱ्या प्रकारच्या घालाव्यात. बूस्टखाली फुटलेली पेट्रोलची नळी ही नॉकिंगपेक्षा मोठी आपत्ती आहे.

रेशो कमी करायचा तर कसा

आता माझ्या टेबलावरच्या पिस्टनकडे पुन्हा वळतो. पिस्टन वर येतो तेव्हा त्याची सपाट कड आणि हेडचा सपाट भाग यांच्यामध्ये अगदी अरुंद फट उरते. या फटीतील मिश्रण चिरडले जाऊन चेंबरकडे जोराने ढकलले जाते, त्यामुळे ज्वाला लवकर पसरते आणि कोपऱ्यात पेट घेण्याजोगे मिश्रण उरतच नाही. यालाच स्क्विश म्हणतात. ही फट साधारण ०.८ ते १.१ मिलिमीटर असेल तेव्हा ती उत्तम काम करते. दोनच्या पुढे गेली की तिचा उपयोग जवळजवळ संपतो. माझ्या इंजिनात दोन गॅस्केट घातल्यामुळे ती २.७ मिलिमीटर झाली होती. रेशो खाली आला, पण नॉकिंगला अडवणारी भिंतच पाडली गेली. शिवाय दोन गॅस्केटांमधून वायू निसटण्याची शक्यता वाढते ती वेगळीच.

म्हणून रेशो कमी करायचा तो पिस्टनच्या मध्यभागी खोलगट जागा वाढवून. आपल्या उदाहरणात ८.८ वरून ८.३ वर यायचे असेल तर बेरीज ४१.५ वरून ४४.५ सीसी करावी लागते, म्हणजे पिस्टनमध्ये आणखी तीन सीसी. जाड मुकुटाचे, म्हणजे वरच्या भागाचे, फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन मिळाले तर उत्तम. मूळ ओतीव पिस्टन लेथवर चढवून खोल करण्याची पद्धत आहे, पण त्याआधी एक जुना पिस्टन उभा कापून मुकुटाची जाडी प्रत्यक्ष पाहावी. पाच मिलिमीटरपेक्षा कमी धातू उरणार असेल तर मी ते काम करू देत नाही. उद्यमनगरातील चांगला टर्नर चारही पिस्टन एका ग्रॅमच्या फरकात आणून देतो. त्यासाठी त्याला घाई करू नये, एवढीच अट.

चेंबर घासून मोठे करणे हा दुसरा मार्ग. त्यात प्लगभोवतीच्या धारदार कडा बोथट करणे चांगले, मात्र स्क्विशच्या सपाट भागाला हात लावू नये. फट तपासण्यासाठी पिस्टनच्या कडेवर दोन मिलिमीटर जाडीची मऊ सोल्डरची तार ठेवून, हेड बोल्ट पूर्ण टॉर्कवर कसून इंजिन हाताने एकदा फिरवावे आणि दबलेली तार मायक्रोमीटरने मोजावी. रिंगांची टोकांची फट टर्बोसाठी मूळ मापापेक्षा थोडी मोकळी ठेवावी. वरची रिंग तापून दोन्ही टोके एकमेकांना टेकली की रिंग लँड तुटते, आणि माझ्या पिस्टनवर त्याचाही थोडा हात असावा अशी मला शंका आहे.

टर्बो किती मोठा

अश्वशक्तीच्या गप्पांपेक्षा हवेच्या वजनाचा हिशेब विश्वासार्ह असतो. १२९८ सीसीचे इंजिन ५५०० फेऱ्यांवर, ७८ टक्के भरण गृहीत धरून, मिनिटाला सुमारे २७८० लिटर हवा घेते. कोल्हापुरात ०.४ बार बूस्टवर मॅनिफोल्डमधील एकूण दाब १.३५ बार आणि इंटरकूलरनंतर तापमान ५५ अंश धरले तर या हवेचे वजन मिनिटाला जवळपास चार किलो होते. तेवढ्या हवेतून सुमारे ८० ते ८५ अश्वशक्ती मिळते. कार्ब्युरेटरच्या काळात याच इंजिनाला ६५ अश्वशक्ती होती. "टर्बो लावला की डबल" असे सांगणाऱ्याला हे गणित करून दाखवायला सांगावे.

बाजारात सहज मिळणारे लहान टर्बो बहुधा सव्वा ते दीड लिटरच्या डिझेल गाड्यांचे असतात. चार किलो हवा ते देऊ शकतात, पण दोन अडचणी लक्षात घ्याव्यात. डिझेलमध्ये ते अधिक दाबावर चालतात. आपल्या कमी दाबावर तेवढीच हवा मागितली तर कॉम्प्रेसर आपल्या नकाशाच्या (दाब आणि हवा यांच्या आलेखाच्या) उजव्या कडेला जाऊन गुदमरतो आणि हवा उगाच तापवतो. दुसरे म्हणजे पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट ९०० अंशांच्या पुढे जातो, तर डिझेलचा सहसा ७५०-८०० च्या आसपास थांबतो. व्हेरिएबल व्हेन असलेला डिझेल टर्बो पेट्रोलवर लावू नये. त्याच्या पाकळ्या अडकतात. साधा, वेस्टगेट (बूस्ट वाढू नये म्हणून जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप) असलेला, शक्यतो पाण्याने थंड होणारा टर्बो घ्यावा. वेस्टगेटची स्प्रिंग जेवढ्या दाबाची असेल त्याखाली बूस्ट नेता येत नाही, म्हणून एक बारची स्प्रिंग असलेला टर्बो स्वस्तात मिळाला तरी तो आपल्या उपयोगाचा नाही.

इंटरकूलर ही चैन नव्हे. ३५ अंशांची हवा ०.४ बारपर्यंत दाबली की सत्तर टक्के कार्यक्षम कॉम्प्रेसरमधूनही ती ८० अंशांच्या आसपास बाहेर पडते. साधारण बऱ्या इंटरकूलरने ती पुन्हा पन्नाशीपर्यंत येते. एप्रिल-मे महिन्यांत हे तीस अंश म्हणजे नॉकिंग आणि शांतता यांतले अंतर असते.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डसाठी पातळ पाइपांची सुंदर जुळणी करण्याचा मोह टाळावा, ती तडकते. जाड भिंतीच्या स्टीम पाइपचे बेंड वेल्ड करून घ्यावेत. एकाहून अधिक नग हवे असतील तर पॅटर्न करून एसजी आयर्नमध्ये (चिवट ओतीव लोखंडात) ओतून घेण्याची सोय शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे आपल्याला आहे.

इंधन आणि ठिणगी: पैसा येथे खर्च करावा

कार्ब्युरेटरवर टर्बो चालवता येतो, अनेकांनी चालवला आहे. फ्लोट चेंबर बंद करून, इंधनाचा दाब बूस्टसोबत वाढणारा रेग्युलेटर लावून, डिस्ट्रिब्युटरला बूस्टवर टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेणारा डायफ्राम बसवून ते जमते. तरीही मी ते सुचवणार नाही, कारण प्रत्येक वस्तू आपल्या जागी ठीक असली तरी त्यांच्यात बोलणे होत नाही. प्रोग्राम करता येणारा ईसीयू (इंधन आणि ठिणगी ठरवणारा संगणक), मॅनिफोल्डचा निरपेक्ष दाब मोजणारा मॅप सेन्सर, हवेच्या तापमानाचा सेन्सर आणि मिश्रण जाड की पातळ हे दाखवणारा वाइडबँड लॅम्डा मीटर यांवर खर्च करावा. बजेट अपुरे असेल तर टर्बो एक वर्षाने बसवावा, आणि ते वर्ष इंजेक्शनवर विनाटर्बो गाडी चालवावी.

इंजेक्टरचे माप काढणे सोपे आहे. चार किलो हवेला ११.५ ने भागले की ३५० ग्रॅम इंधन प्रति मिनिट, म्हणजे सुमारे ४६५ सीसी. चार सिलिंडरांत वाटले की ११६, आणि इंजेक्टर ऐंशी टक्क्यांहून अधिक वेळ उघडा राहू नये म्हणून १४५. म्हणजे १८० ते २०० सीसीचा इंजेक्टर पुरेसा असून थोडी जागाही उरते. ई-२० साठी वर धरलेले ११.५ म्हणजे लॅम्डा (प्रत्यक्ष हवा भागिले पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा) ०.८५. मीटर नेहमी लॅम्डामध्ये वाचावा. इंधनातील इथेनॉल बदलले तरी लॅम्डाचा अर्थ बदलत नाही.

टायमिंगसाठी सुरुवातीचा नियम असा, की प्रत्येक ०.०७ बार बूस्टमागे एक अंश मागे यावे, म्हणजे ०.४ बारला सुमारे सहा अंश. हा सुरक्षित आरंभ आहे, अंतिम उत्तर नव्हे. फार मागे घेतले तर ज्वलन एक्झॉस्टमध्ये सरकते आणि टर्बो लाल होतो. प्लग एक पायरी थंड घ्यावा. एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड, बॉशमध्ये मात्र लहान आकडा म्हणजे थंड, आणि या गोंधळात चुकीचे प्लग बसलेले मी पाहिले आहेत. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवावी.

तेल, पाणी आणि बाकीचे

टर्बोला तेल ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी बसवून देता येते. परतीची नळी जाड, सरळ उतरती आणि सम्पमधील (इंजिनाच्या तळाच्या टाकीतील) तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. ती बारीक किंवा वळणाची असली की टर्बोच्या सीलमधून धूर येतो आणि लोक निर्दोष टर्बो बदलत बसतात. पीसीव्हीच्या, म्हणजे क्रँककेसमधील वाफा इनटेकमध्ये नेणाऱ्या, नळीत एकदिशा वॉल्व घालावा, नाहीतर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरते. रेडिएटर साफ आणि फॅन सक्षम असावा. क्लच आणि ब्रेक यांची तयारी टर्बोच्या आधी करावी, हे सांगायला नको, तरी सांगतो.

जुन्या डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात. २१ ते २३ रेशोच्या इनडायरेक्ट इंजेक्शन इंजिनाला पेट्रोलसारख्या नॉकिंगची भीती नसते. तेथे मर्यादा येते ती सिलिंडरमधील सर्वोच्च दाबाची, हेड गॅस्केटची आणि पिस्टनच्या तापमानाची. ०.५ बारपर्यंत बूस्ट द्यावे, टर्बोच्या आधी एक्झॉस्ट तापमानाचा मीटर लावावा आणि चढावर तो ७०० अंशांच्या आत ठेवावा. पंपाचा स्क्रू फिरवून काळा धूर काढणे ही शक्ती नव्हे, तो फुकट गेलेल्या डिझेलचा हिशेब आहे.

ट्यूनिंग, आणि घाट

सुरुवातीला वेस्टगेटच्या किमान बूस्टवर, टायमिंग मागे आणि मिश्रण जाड ठेवून चालवावे. ईसीयूमध्ये ठरवलेल्या बूस्टच्या ०.१ बार वर इंधन तोडण्याची मर्यादा पहिल्या दिवशीच घालावी. ट्यूनिंग डायनोवर (गाडी जागेवर चालवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) करावे, महामार्गावर नव्हे. नॉक ऐकण्यासाठी एक गावठी पण अचूक साधन आहे: तांब्याच्या नळीचे एक टोक चपटे करून भोक पाडावे, ते ब्लॉकला बोल्टने कसावे, दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी जोडून ती फाउंड्रीत वापरतात तशा कानाच्या मफमध्ये सोडावी. इंजिनाचा गुणगुणाट एकसंध ऐकू येतो आणि त्यात नॉक झाला तर पत्र्यावर खडे पडावेत तसा कोरडा टकटकाट वेगळा ओळखू येतो. टायमिंग त्या आवाजाच्या काठापर्यंत नेऊन तिथून तीन अंश मागे यावे.

आता उंचीचा मुद्दा, जो मला पिस्टन देऊन शिकावा लागला. साधा वेस्टगेट बाहेरच्या हवेच्या तुलनेत बूस्ट राखतो. कोल्हापुरात ०.४५ बार बूस्ट म्हणजे एकूण १.४० बार, घाटाखालच्या वैभववाडीच्या पातळीला मात्र तेच सुमारे १.४५ बार होते. हा फरक एकटा लहान आहे. पण त्यात तळकोकणातील उष्ण हवा, कमी वेगामुळे इंटरकूलरवर न येणारा वारा आणि मिनिटांमागून मिनिटे चालणारा पूर्ण भार मिळाला की तो पुरेसा होतो. म्हणून कोल्हापुरात काठावर ट्यून केलेले इंजिन कोकणातून वर आणू नये. ईसीयूच्या टायमिंगच्या तक्त्यात आपण कोल्हापुरात कधीच न पोहोचलेले दाबाचे रकानेही आधीच भरून ठेवावेत आणि इनटेकचे तापमान ५५ अंशांच्या पुढे गेले की टायमिंग आपोआप मागे जाईल अशी तरतूद करावी. चढावर इंजिन २५०० फेऱ्यांवर तिसऱ्या गिअरमध्ये रेटण्यापेक्षा दुसऱ्यात ४००० वर, अर्ध्या थ्रॉटलवर न्यावे; जास्त फेऱ्यांवर शेवटच्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळच मिळत नाही.

कोकणची पहिली फेरी झाल्यावर गगनबावड्याला चहासाठी थांबाल तेव्हा इंजिन दोन मिनिटे मोकळे चालू द्यावे, मग बंद करावे. घरी आल्यावर चारही प्लग काढून भिंगाखाली पाहावेत. पाण्याच्या पंपापासून सर्वांत दूरच्या सिलिंडरचा प्लग आधी पाहावा, कारण तोच बहुधा सर्वांत तापतो. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड पडल्यासारखे काळे किंवा चमकदार ठिपके दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे. तसे दिसल्यास टायमिंग आणखी दोन अंश मागे घ्यावे, बूस्ट ०.३५ वर आणावे, नवे प्लग घालावेत आणि पुढच्या फेरीनंतर ते पुन्हा काढून पाहावेत.